टीमला मोटिव्हेट करायच्या आधी बघा, तुम्ही त्यांना कुठलं अंतर दाखवताय

नमस्कार मंडळी. आज थेट विषयावर येतो, कारण हा विषय माझ्या मनाच्या फार जवळचा आहे आणि बोलू बोलू म्हणत बरेच दिवस राहून गेलाय.

"आमच्या टीममध्ये मोटिव्हेशनच राहिलं नाहीये हो." हे वाक्य मी इतक्या टीम लीड लोकांच्या तोंडून ऐकलंय की पुढचं वाक्य काय येणार ते आता आधीच माहीत असतं, "एखादं सेशन ठेवूया का?" मग सेशन होतं, टाळ्या होतात, दोन दिवस वातावरण जरा बरं असतं आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मी स्वतः टीम चालवली आहे, मीही अशी सेशनं ठेवली आहेत, आणि आज माझं ठाम मत असं आहे की आपण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतो. आपण धरून चालतो की माणूस म्हणजे रिकामी टाकी, मोटिव्हेशन संपलं की वरून भरायचं. पण जरा आजूबाजूला बघा ना. कामावरचा जवळपास प्रत्येक जण दिवसभर स्वतःला हाकत असतो, कधी रेटतो, कधी आवरतो, फोन पालथा ठेवतो, कंटाळवाणी फाइल आधी उघडतो, चिडून लिहिलेला मेल पाठवायच्या आधी खोडून टाकतो. हे सगळं त्याचं तोच करतो, मागे कुणी उभं नसतं. अभ्यासक याला सेल्फ-रेग्युलेशन म्हणतात, स्वनियमन म्हणा हवं तर, मी आपलं 'स्वतःला हाकणं' म्हणतो.

आता हा माणूस स्वतःला नेमकं कुठे हाकत नेतो आणि ते तो कशावरून ठरवतो, हे बघूया.

[बोर्डवर दोन खुणा: खाली 'आत्ता', वर 'व्हायला हवं']

एसी कसा चालतो? खोलीत आत्ता किती तापमान आहे ते तो बघतो, तुम्ही किती ठेवलंय ते बघतो, फरक असेल तर चालू होतो, फरक मिटला की थांबतो, परत बघतो. चार्ल्स कार्व्हर आणि मायकल शायर या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये माणसाच्या वागण्याकडे साधारण अशाच चक्रासारखं बघायचा आराखडा मांडला. या दोन खुणा आपण सारख्या ताडून बघत असतो आणि मधलं अंतर दिसलं की हात हलतात. आता माणूस म्हणजे काही एसी नव्हे, आणि अल्बर्ट बंडुरा यांचा याच गोष्टीला आक्षेप होता, ते म्हणायचे की माणूस एक टप्पा गाठला की वरची खूण स्वतःच आणखी वर सरकवतो, म्हणजे तो अंतर मिटवतो तसं नवं तयारही करतो. आक्षेप मला पूर्ण पटतो. तरी कामाच्या ठिकाणी मला या चित्राचा फार उपयोग झाला, कारण त्यामुळे एक साधी गोष्ट दिसते, की वरची खूणच धूसर असेल तर हात कशाच्या जोरावर हलणार? "जमेल तेवढं करा, बेस्ट द्या" असं सांगितलेल्या लोकांपेक्षा नेमकं आणि जरा कठीण टार्गेट दिलेले लोक जास्त काम करतात, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिलंय. जमेल तेवढं म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नसतं ना.

आणखी एक बारकावा, जो बहुतेक लीड लोकांच्या नजरेतून सुटतो. कार्व्हर आणि शायर यांनी पुढे असं मांडलं की माणसाला बरं वाटतंय की वाईट, हे अंतर किती मोठं आहे यावर तितकंसं ठरत नाही, ते अंतर कमी व्हायचा वेग आपल्याला अपेक्षित होता तेवढा आहे की नाही यावर ठरतं. म्हणजे काम डोंगराएवढं असलं तरी रोज थोडं हलताना दिसलं तर माणूस खुशीत असतो, आणि काम संपत आलंय पण तीन आठवडे कुठल्यातरी अप्रूव्हलमध्ये अडकलंय, तर तोच माणूस खचतो. बाहेरून आपण म्हणतो, आता तर शेवटचं पाच टक्के उरलंय, आता का रडतोय हा? तर वेग शून्य झालाय म्हणून.

बरं. इथपर्यंत सोपं होतं. आता मला जिथे खरं बोलायचंय तिथे येतो.

माझ्या टीममध्ये दोन माणसं होती, नावं नको. एक मुलगा, मीटिंग अर्धी व्हायच्या आत लॅपटॉप उघडून नवीन आयडिया ट्राय करणारा. आणि एक ताई, आमच्यात सीनियर, टेस्टिंग बघायच्या. या ताई क्लायंटला मेल पाठवताना मी शेजारी बसून बघायचो. मेल लिहून झाला की वरपासून वाचायच्या, मग खालून वर वाचायच्या, अटॅचमेंट उघडून बघायच्या, बंद करायच्या, ज्यांना पाठवायचाय त्यांची नावं एकेक करून बोटाने मोजायच्या, मग पाठवायच्या. आणि पाठवल्यावर, हे मला अजून डोळ्यासमोर दिसतं, सेंट फोल्डरमध्ये जाऊन तीच अटॅचमेंट परत उघडायच्या, नीट गेली ना बघायला.

बरेच महिने मला वाटायचं की या मुलात मोटिव्हेशन आहे आणि ताईंमध्ये ते कमी आहे, त्या नुसत्या घाबरतात. माझी ही समजूत साफ चुकीची होती, आणि ती चूक मला ज्या अभ्यासामुळे कळली तो टोरी हिगिन्स यांचा. हे कोलंबिया युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९८७ मध्ये असं मांडलं की आपल्या डोक्यात वरची खूण एकच नसते, दोन जातीच्या असतात. एक म्हणजे मला जसं व्हायचंय ते, स्वप्न, आकांक्षा. दुसरी म्हणजे मी जसं असायलाच हवं ते, जबाबदारी, कर्तव्य, शब्द दिलाय तो पाळणं. पहिल्या खुणेपासून मागे पडलो की माणूस हिरमुसतो, उदास होतो. दुसरीपासून मागे पडलो की जीव टांगणीला लागतो, धडधड, झोप लागत नाही. आणि पुढे १९९७ मध्ये त्यांनी यावरून रेग्युलेटरी फोकस नावाची मांडणी केली, प्रमोशन फोकस आणि प्रिव्हेन्शन फोकस. इथे प्रमोशन म्हणजे बढती नाही बरं का, गल्लत करू नका. प्रमोशन फोकस म्हणजे मिळवण्याकडे नजर, काहीतरी हाती लागलं पाहिजे, संधी सुटता कामा नये, दहा गोष्टी करून बघू, दोन तरी लागतील. प्रिव्हेन्शन फोकस म्हणजे आहे ते बिघडू नये, चूक सुटू नये, भरवशाला तडा जाऊ नये, म्हणून सावध, शिस्तीत, एकेक पाऊल.

दोन्ही मोटिव्हेशनच आहेत, आणि तितकीच जोरकस आहेत, हे कृपा करून डोक्यात पक्कं बसवा. ताई सेंट फोल्डर उघडायच्या ती त्यांची कामावरची निष्ठा होती. आणि त्यांचा आनंदही वेगळा दिसायचा. रिलीज नीट गेलं की तो मुलगा नाचायचा, ताई एक लांब श्वास सोडून खुर्चीला टेकायच्या. मी त्या श्वासाला कधी आनंद म्हणून मोजलंच नव्हतं.

आणि हो, लगेच टीममधल्या माणसांवर शिक्के मारत सुटू नका, हा प्रमोशनवाला, ती प्रिव्हेन्शनवाली असं. कल थोडाफार असतो माणसाचा, पण परिस्थितीनेही फोकस बदलतो. तोच मुलगा लाइव्ह सिस्टीमचा डेटा हलवायच्या रात्री ताईंसारखाच सावध असायचा, आणि ताई नवीन टूल निवडायला बसल्या की कुणाला ऐकायच्या नाहीत. कामाचं स्वरूप काय आहे, चुकलं तर काय होतं, आणि लीड कुठली भाषा बोलतोय, यावर बरंच अवलंबून असतं. शेवटचं फार महत्त्वाचं. कारण क्वार्टरच्या सुरुवातीला मी उभा राहून म्हणायचो, आकाशाला गवसणी घालायचीय, मोठा विचार करा, चुकलं तरी चालेल. मुलाचे डोळे चमकायचे. आणि ताई मीटिंगनंतर माझ्याकडे येऊन हळूच विचारायच्या, "चुकलं तरी चालेल म्हणजे नक्की कुठे चालेल? बिलिंगमध्ये पण?" माझ्या भाषणाने त्यांची वरची खूणच पुसली जात होती. त्यांना ऐकायला हवं होतं की या तीन गोष्टी काही झालं तरी बिघडू द्यायच्या नाहीत, आणि त्या तुमच्या हातात आहेत.

याला हिगिन्स यांनी २००० मध्ये रेग्युलेटरी फिट म्हटलं. माणसाची नजर जिकडे आहे त्याला साजेशा रीतीने काम करायला मिळालं की ते 'बरोबर वाटतं' आणि माणूस त्यात जास्त गुंततो. बक्षीस वाढवलेलं नसतं, टार्गेट बदललेलं नसतं, फक्त रीत जुळलेली असते.

आता फीडबॅक. आपण समजतो फीडबॅक दिला की काम सुधारतंच, चांगला दिला काय, वाईट दिला काय. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र केले, सहाशेच्या वर निकाल होते त्यात, आणि सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खराब झालं होतं. जरा थांबून विचार करा यावर. तीनातल्या एका वेळेपेक्षा जास्त! त्यांचं स्पष्टीकरण असं की फीडबॅकमुळे माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, म्हणजे 'मी कसा आहे, माझ्याबद्दल हे काय समजतात', की त्याचा उपयोग घटतो. "या रिपोर्टमधला तिसरा तक्ता जुळत नाहीये" हे कामाबद्दल झालं. "तू असा निष्काळजीपणा नेहमीच करतोस" हे माणसाबद्दल झालं, आणि तो संध्याकाळपर्यंत त्या 'नेहमीच' या शब्दात अडकून बसतो, तक्ता तसाच राहतो.

पुढे याच क्लुगर यांनी दिना वॅन-डाइक यांच्याबरोबर २००४ मध्ये दाखवलं की मिळवण्याकडे नजर असलेल्याला कौतुकाने जास्त हुरूप येतो, आणि बिघडू नये अशी नजर असलेला माणूस उणीव दाखवली की जास्त कामाला लागतो. म्हणजे ताईंना मी "एकदम मस्त, टेन्शन घेऊ नका" म्हणायचो तेव्हा मी त्यांच्या हातातलं कामच काढून घेत होतो. त्यांना हवं असायचं, "पान चारवर एक केस राहिलीय." हे ऐकून त्यांना वाईट वाटायचं नाही हो, उलट तरतरी यायची! अर्थात उणीव सांगायची आणि अपमान करायचा यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते विसरलात तर सगळंच मुसळ केरात.

आता टीम. इथे गुंता वाढतो आणि मला इथेच जास्त वेळ द्यायचाय.

जुनी गोष्ट आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि मोजलं, तर माणसं वाढली की दर माणशी लागणारा जोर कमी होतो असं दिसलं, त्याने ते १९१३ मध्ये छापलं. यात एक शंका होती, की एकत्र ओढताना ताळमेळ जमत नसेल म्हणून जोर वाया जात असेल, आळस कशावरून? मग बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लोकांना हेडफोन लावून ओरडायला लावलं. माणूस खरं तर एकटाच ओरडतोय, पण त्याला वाटतंय बरोबर आणखी पाच जण आहेत. तरी आवाज एकट्याने ओरडताना निघायचा त्याच्या ७४ टक्केच. ताळमेळाचा प्रश्नच नव्हता, घोळका आहे या नुसत्या समजुतीने हात ढिला पडला. हे मुद्दाम कुणी करत नाही, आपल्याला कळतही नाही. घोळक्यात 'आत्ता'ची माझी खूण मला दिसेनाशी होते, आणि खूण दिसली नाही तर अंतर कुठून दिसणार? १९८१ मध्ये त्यांनीच पुढचा प्रयोग केला, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, तर ही ढिलाई गेली.

झालं! आपण लगेच म्हणतो, मग सोपं आहे, प्रत्येकाचा आकडा भिंतीवर लावा.

मीही तेच केलं. सपोर्टची टीम होती, सात जण. भिंतीवर स्क्रीन, प्रत्येकाच्या नावापुढे आज किती टिकेटं, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी-मागण्या, बंद केली. पहिला आठवडा आकडे वर गेले, मी खूश. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक चित्र दिसायला लागलं. सकाळी नऊ वाजता सोपी टिकेटं पाच मिनिटांत गायब, पासवर्ड रीसेट, अॅक्सेस द्या, असली. आणि यादीच्या तळाशी जुनाट, किचकट टिकेटं तशीच पडून, अकरा दिवस, चौदा दिवस. कुणी दुसऱ्याच्या डेस्कपाशी जाऊन मदत करायचं बंद झालं, कारण त्या वीस मिनिटांत आपली दोन टिकेटं बंद होतात ना. जी मुलगी सगळ्यांना मदत करायची तिचं नाव रोज स्क्रीनवर सगळ्यात खाली. एक दिवस तिने मला विचारलं, "सर, मी मदत करणं थांबवू का?" ती रागाने नव्हती विचारत, खरंच विचारत होती. मला त्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता आलं नाही.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रिचर्ड डीशॉन, स्टीव्ह कोझलोव्स्की आणि सहकाऱ्यांचा २००४ चा एक प्रयोग आहे, तो मी नंतर वाचला आणि ही स्क्रीनच डोळ्यापुढे आली. लहान लहान टीम, कॉम्प्युटरवर रडारचं सिम्युलेशन, प्रत्येकाला स्वतःचं कामही बघायचंय आणि टीमचंही. काहींना फक्त स्वतःच्या कामगिरीचा फीडबॅक दिला, काहींना फक्त टीमचा, काहींना दोन्ही. ज्याला जो फीडबॅक मिळाला त्याचं लक्ष आणि जोर तिकडे गेला. आणि दोन्ही दिलेत तर दोन्ही सुधारेल असं आपल्याला वाटतं, तसं काही झालं नाही, दोन्हीकडचा पूर्ण फायदा त्यांना मिळाला नाही. लक्ष मोजकंच असतं, तुम्ही बोर्डवर जे अंतर लावाल तिकडे ते वाहतं आणि दुसरीकडून आटतं. त्यांच्या मांडणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे टीमसुद्धा माणसासारखीच स्वतःला हाकते, तिचीही 'आत्ता' आणि 'हवं' अशी खूण असते, फक्त टीमला डोळे नसतात, ती आपसातल्या बोलण्यातून बघते. बोलणं बंद, तर टीम आंधळी.

म्हणून खरं बोलायला भीती वाटत असेल तर हे सगळं चक्रच खोट्या आकड्यावर फिरतं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमवर काम केलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. कारण तिथे लोक चूक सांगत होते. बाकीच्या ठिकाणी चुका सांगायलाच लोक कचरत होते. तुमच्या रिव्ह्यूमध्ये सगळं हिरवं हिरवं दिसत असेल तर जरा हे आठवून बघा.

तर मग त्या सपोर्ट टीमचं काय केलं? मुलीने विचारल्यावर दोन दिवसांनी मी ती स्क्रीन काढली. नवी लावली, त्यावर एकच मोठा आकडा, तीन दिवसांपेक्षा जुनी टिकेटं किती, आख्ख्या टीमची मिळून. आणि खाली प्रत्येक जुन्या टिकेटपुढे दोन रकाने, आत्ता कोण बघतंय, आणि ते कुणासाठी अडलंय. म्हणजे घोळक्यात लपायला जागा नाही, माझा वाटा दिसतो, पण शर्यत नाही. वेगही दिसायला हवा म्हणून काल किती होती तो आकडा बाजूला, लहान अक्षरात.

आणखी एक छोटी गोष्ट केली, तिचा फायदा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप झाला. पीटर गॉलवित्झर यांचं संशोधन आहे, नुसतं "मी हे करीन" ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं जर-तर स्वरूपात ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते, २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र करून परिणाम मध्यम ते मोठा आहे असं दाखवलं. कारण मग त्या क्षणी विचार करत बसावं लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो. आम्ही एक ओळ ठरवली, टिकेटवर अर्धा तास गेला आणि हललं नाही, तर चॅटवर टिकेटचा नंबर टाकायचा, बाकी काही लिहायचं नाही, लाज नाही, माफी नाही, फक्त नंबर. आणि ज्याच्या हातातलं काम संपतं तो नवं टिकेट घ्यायच्या आधी चॅट बघणार. बस.

जुना आकडा कमी व्हायला वेळ लागला, पहिल्या आठवड्यात तर वाढलाच, कारण लपवून ठेवलेली दोन-तीन वर आली. माझ्या वरिष्ठांना ते पटवताना मला घाम फुटला, त्यांना जुनी स्क्रीन परत हवी होती. पण दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी बघत होतो, कोण काय उचलतंय ते. यादीत सगळ्यात वर एकोणीस दिवसांचं एक टिकेट होतं, रिपोर्ट चुकीचे येतायत असं काहीतरी, ज्याला महिनाभर कुणी हात लावला नसता. ती मदत करणारी मुलगी उठली, स्क्रीनपाशी गेली, 'आत्ता कोण' मध्ये स्वतःचं नाव टाकलं आणि वळून म्हणाली, "हे मी घेते, पण डेटाबेसवालं कुणीतरी अकरानंतर अर्धा तास द्या." मागच्या रांगेतून, मान वर न करता, आवाज आला, "मी येतो."